मागच्या भिंतीवरचे पाहुणे

करडी गावात सत्यभामाबाईसारखी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि मी तिची सख्खी शेजारीण, म्हणून बोलते. तिच्या परसातल्या वाडीत जो पक्षी उतरेल, जो प्राणी फिरकेल, तो ती घराच्या मागच्या मातीच्या भिंतीवर काढायची, गेरूनं नाहीतर कोळशानं. हरियाल कबुतराचे पाय पिवळे, तर ते हळदीनं रंगवायची. नियम एकच, आपल्या डोळ्यांनी वाडीत पाहिलं तेच भिंतीवर जाणार. मी एकदा म्हटलं, "अवं, माह्या वांग्यात सायाळ आली होती, काढ ना." तर म्हणते कशी, "तुह्या वाडीतली तुह्या भिंतीवर काढ!" घ्या!

तिचा नवरा गोमाजी चिडवायचा, "हिची जनगणना चालू हाये." भिंतीकडे मात्र ढुंकून बघायचा नाही.

त्र्याऐंशी साली मुलाचं लग्न निघालं. लग्नघर म्हटलं की आमच्याकडे छुईनं, म्हणजे पांढऱ्या मातीनं, सगळ्या भिंती पोतायच्याच. गोमाजीनं फर्मावलं, "मागचीबी पोता. पाव्हने मागंच जेवतीन. सरडे पाहत जेवतीन का?"

माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांची मेहनत ती! तावातावानं भांडायला गेले, तर सत्यभामाबाई स्वतःच कुंचा घेऊन भिंत पोतत होती. मुंगूस गेलं, भारद्वाज गेला, धामण गेली.

"काहून पुसून राहिली वं?" मी ओरडले. मला रडूच आलं.

"रडू नोको वच्छला. हे सारे येतेतच वाडीत. आले का पुन्हा काढीन."

मग ती कोपऱ्याशी थांबली. तिथं सारसांची जोडी होती. वाडीमागच्या तळ्यावरून ती दोघं चालत वाडीत यायची. त्यातला एक मागं विजेच्या तारेला लागून मेला होता. दुसरा थोडे दिवस एकटाच येऊन ओरडत राहिला, नंतर तोही यायचा थांबला. बाईनं कुंचा बादलीत टाकून दिला.

तेवढ्यात गोमाजी आला. "हे काहून ठेवलं?"

"ते आता येत नाही. पुसले तर कोनाले पाहून काढू?"

आता भांडण पेटणार म्हणून मी पदर खोचला. पण गोमाजी बादलीपाशी वाकला. त्यानं कुंचा उचलला आणि त्या दोघांच्या भोवतीनं सावकाश छुई लावली. लांब पायांच्या मधल्या जागेत तर बोटानं लावली.

"मान लाल होती यांची," तो म्हणाला. "गेरू धुपला. आन गेरू इकडं, मी लावतो."