कोफीच्या पहिल्या मॅचसाठी ग्लासगोला

शुक्रवारी लेस्टरहून निघालो, पण सहलीचा उत्साह गाडीत कुणालाच नव्हता. ड्रायव्हिंगला माझा नवरा समीर, शेजारी मी आणि मागे आमची शेजारीण अबेना.

तिचा नवरा कोफी घानाचा, फुटबॉलमधला मिडफिल्डर. अक्राहून स्वीडन, मग पोर्तुगाल. तिथे ऐन मॅचमध्ये त्याचं हृदय थांबलं. मैदानावरच शॉक देऊन वाचवलं, पण क्लबने करार संपवला. हृदय थांबलं तर आपोआप शॉक देणारं यंत्र छातीत कातडीखाली बसवून तो लेस्टरच्या एका छोट्या क्लबकडून पुन्हा खेळू लागला. आता ग्लासगोच्या क्लबने घेतलं होतं. तो आधीच तिकडे गेला होता, शनिवारी पहिली मॅच.

प्रेस्टननंतर एम सिक्स मोटरवेवर ट्रॅफिक विरळ होतो, डोंगर सुरू होतात. सर्व्हिसेस, म्हणजे खाण्यापिण्याचे थांबे, लांब लांब आहेत, आधीच थांबून घ्या. आम्ही थांबलो. अबेनाने सँडविच उघडलंच नाही. समीर भूलतज्ज्ञ, म्हणून तिने त्याला विचारलं, "यंत्राने काम केलं नाही तर?"

"सहसा करतं," तो म्हणाला.

तिने न उघडलेलं सँडविच पर्समध्ये ठेवून दिलं.

ग्लासगोत हॉटेल स्टेशनजवळ घ्या, स्वस्त पडतं आणि सबवे हाताशी. शनिवारी सकाळी आम्ही क्लाइड नदीकाठी फिरलो. वारा कान कापत होता. मला काही दिसलं म्हणायचं तर अबेनाचे हात. सारखे एकमेकांत गुंतलेले.

स्टेडियममध्ये शिरल्यावर ती जिन्याखाली, खाण्याच्या स्टॉलपाशीच थांबली. "मला नाही बघवणार. तू बघ, आणि मला सांगत राहा."

मी तिला मेसेज करत राहिले. पळतोय. पास दिला. हसला.

दुसऱ्या हाफमध्ये बॉल जवळपास नसताना कोफी खाली पडला. कुणी धक्काही दिला नव्हता. समीर उभा राहिला. माझी बोटं फोनवर, पण काय लिहायचं? बाजूचा म्हातारा पुटपुटला, "उठ रे पोरा, उठ."

खालून अबेनाचा मेसेज आला: सगळे गप्प का झाले?

मी लिहिलं, पडलाय. खोटं लिहिणं जमलं नाही.

फिजिओ पोचला. कोफीने पोटरी धरली. क्रॅम्प होता. मी जिना उतरून धावले. अबेना भिंतीला टेकून खाली बसली होती. "पायात गोळा," मी म्हणाले. ती आधी हसली, मग हुंदके देत रडली.

मॅचनंतर कोफी म्हणाला, "पडल्यावर मी आधी छातीवर हात ठेवला. धडधडत होतं. मग पाय दुखतोय हे कळलं."

"आता बस कर," अबेना म्हणाली.

"अजून नाही," तो हळूच म्हणाला.

रविवारी परतलो. कोफी अजून खेळतोय. शनिवारी मॅचच्या वेळी अबेनाचा फोन आला की मी उचलण्याआधी एक श्वास घेते.