माणिक कोकरेचा ऑल क्लिअर

१९९४ साली आमची बटालियन राजस्थानात होती. मी हवालदार होतो आणि पुण्याला एनबीसीचा कोर्स करून आलो होतो. एनबीसी म्हणजे अणू, जैविक आणि रासायनिक हल्ल्यापासून बचाव. बटालियनमधल्या प्रत्येक जवानाला गॅस मास्क वापरायला शिकवणं हे माझं काम. शिकवणाऱ्याला फौजेत ‘उस्ताद’ म्हणतात. निवृत्त होईपर्यंत मला तीच हाक होती.

ड्रिल सोपी आहे. अलार्म झाला की हातातलं काम थांबवायचं. श्वास रोखायचा, डोळे मिटायचे. मास्क चढवायचा, पट्टे ओढायचे, जोरात श्वास बाहेर सोडायचा. मग ‘गॅस, गॅस, गॅस’ ओरडून बाकीच्यांना सावध करायचं. त्यानंतर शेजारच्याचा मास्क नीट बसलाय का ते बघायचं. गाडी चालवत असाल तर गाडी थांबवायची आणि हेच करायचं. खरंच गॅस आहे का, हा प्रश्न ड्रिलमध्ये कुठेही येत नाही. विचारत बसणारा मरतो, म्हणून तो प्रश्नच मुद्दाम काढून टाकलेला आहे.

मास्क घातल्यावर माणूस एकटा पडतो. समोरचं गोल काचेतून दिसतं, बाजूचं दिसत नाही. कानात स्वतःच्या श्वासाचा आवाज भरतो आणि बाहेरचं फार कमी ऐकू येतं. पूर्ण प्लाटून शेजारी उभी असली तरी आपण कुठल्या तरी विहिरीत उतरलोय असं वाटतं. नवीन पोरं घाबरायची ती गॅसला नव्हे, या एकटेपणाला.

मास्क उतरवण्याचीही रीत आहे. हवा तपासून झाली तरी सगळे एकदम मास्क काढत नाहीत. सिनियर एका जवानाला हुकूम देतो, तो आधी काढतो. बाकीचे त्याच्याकडे बघत उभे राहतात. त्याला काही झालं नाही तर ‘ऑल क्लिअर’. सरावात हवेत फक्त अश्रुधूर असायचा, तरी पुढे यायला कुणी तयार नसे. माणिक कोकरे दर वेळी यायचा.

माणिक एमटी प्लाटूनचा ड्रायव्हर. गाव साखरा, तालुका सेनगाव. मी वसमतकडचा, कुरुंद्याचा. बटालियनमध्ये हिंगोलीकडचे आम्ही दोघेच. माणिकच्या घरी मेंढरं होती, वडील अजून ती राखत होते. अश्रुधुराच्या तंबूतून तो नाक पुसत बाहेर यायचा आणि म्हणायचा, “उस्ताद, मी लहानपणी मेंढरांत झोपलेला मानूस. तुमच्या या धुराला कोन भेतंय?”

पुढे संसदेवरच्या हल्ल्यानंतर सगळी फौज सीमेवर गेली. जवळजवळ वर्षभर आम्ही वाळूत होतो, मास्क कमरेला बांधलेला. हुकूम येणार म्हणून आम्ही थांबलो आणि शेवटी परतीचा हुकूम आला. त्या वर्षाच्या शेवटी मी निवृत्त झालो, माणिकही नाईकाच्या हुद्द्यावरून झाला.

एका एजंटने कुवेतमधलं काम सांगितलं. मला ट्रान्सपोर्ट सुपरवायझरचं, माणिकला ट्रेलरचं. २००३ च्या सुरुवातीला आम्ही दोघं तिथे पोचलो. बंदरावर उतरलेला माल वाळवंटातल्या अमेरिकन कॅम्पांमध्ये पोचवायचा. कॅम्पात जाणाऱ्या प्रत्येकाला कंपनीने मास्क दिला होता. शेजारच्या देशाकडे विषारी गॅसचा साठा आहे, त्याचे पुरावे आहेत, असं टीव्हीवर रोज सांगत होते. आम्हाला ते खोटं वाटण्याचं कारण नव्हतं. एवढी मोठी फौज इथे उगाच थोडीच येऊन बसलीय, असं आम्ही एकमेकांना म्हणायचो.

आपली फौज तिकडे पाठवायची का, यावर पुढे दिल्लीत बरीच चर्चा झाली. पाठवली नाही. आम्ही मात्र आधीच जाऊन बसलो होतो. आमच्या अंगावर वर्दी नव्हती आणि छातीवर कंपनीचा बिल्ला होता.

रोजचं काम ठरलेलं होतं. पहाटे गाड्यांची तपासणी, मग पाणी, डिझेल, रस्त्याची माहिती. मी गेटवर उभा राहून प्रत्येक ड्रायव्हरचा मास्क स्वतः बघायचो. स्वयंपाकी आणि हमाल यांना मास्क म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. माणिक आणि मी जेवणानंतर त्यांना शेडमध्ये उभं करून ड्रिल घ्यायचो. माणिक त्यांना हिंदीत सांगायचा, “पहले अपना, फिर बाजूवाले का.”

युद्ध सुरू झालं आणि भोंगे वाजायला लागले. दिवसातून कितीदा तरी. भोंगा, मास्क, वाट बघणं, ऑल क्लिअरचा भोंगा, पुन्हा काम.

ज्या दिवसाबद्दल लिहितोय त्या दिवशी सकाळपासून धुळीचं वादळ होतं. आकाश विटकरी झालं होतं. माणिकची गाडी उत्तरेकडच्या कॅम्पाला निघाली. शेजारी केरळचा एक स्वयंपाकी बसला होता, कुट्टन नावाचा. दुपारी बाराच्या सुमाराला भोंगा झाला. मी मास्क चढवला आणि वायरलेसवर गाड्यांना बोलवायला सुरुवात केली. माणिकची गाडी तिसरी, चौदा नंबरची.

“चौदा नंबर, अलार्म आहे. ओव्हर.”

“ऐकला, उस्ताद. गाडी कडेला घेतली.” आवाज मास्कमधून येत होता, म्हणजे त्याने आधी मास्क चढवला होता. “कुट्टन लटपटून राहिला, त्याचा चढवून देतो. ओव्हर.”

“मागं काय दिसतंय?”

“काहीच दिसंना. त्याचं झालं की मागं तिकोन लावतो.”

“लवकर लाव. आउट.”

ते शेवटचं बोलणं. पुढचं कुट्टनने मला सांगितलं. त्याच्या मास्कचे पट्टे गुंतले होते. माणिकने ते सोडवले, मास्क बसवला, हाताने दाबून पाहिला आणि खूण करून त्याला रस्त्यापासून लांब खड्ड्यात बसवलं. मग मागच्या गाड्यांना इशारा देणारा लाल तिकोन घेऊन तो गाडीच्या मागे चालत गेला. मागून दुसऱ्या कंपनीचा ट्रेलर आला. कुट्टनला तो लांबून ऐकू आला, कारण ऐकण्यासाठी त्याने एक पट्टा सैल केला होता. माणिकचा मास्क नियमाप्रमाणे घट्ट होता. त्याने वळून पाहिलं नाही.

मी पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्स आली होती. ऑल क्लिअर झाला नव्हता, म्हणून त्याच्या मास्कला कुणी हात लावला नव्हता. तसाच त्याला आत घेतला. मी त्याला शेवटचं पाहिलं ते मास्क चढवलेलं.

त्या दिवशीचं क्षेपणास्त्र लांब कुठेतरी पडलं. त्यात गॅस नव्हता.

कंपनीने कळवलं की चालक नियम मोडून रस्त्यात थांबला. कंपनीचा नियम ‘थांबू नका’ असा होता, हे खरं. फौजेचा ‘थांबा’ असा होता, हेही खरं. बंद पेटी घेऊन मी हैदराबादमार्गे साखऱ्याला आलो. तिरंगा नव्हता, बिगूल नव्हतं, सलामीची तुकडी नव्हती. मी एकट्याने सॅल्यूट केला. लोकांना वाटलं, हा कंपनीचा माणूस आहे.

मी परत गेलो नाही. हिंगोलीत एका बँकेच्या दारावर गार्डची नोकरी धरली. बायको आणि मुलं शिक्षणासाठी नांदेडला होती. मी इथे एका खोलीत. दिवसभर बोलायचो ते ‘रांगेत या’ आणि ‘पेन आत आहे’ एवढंच.

माणिकचे वडील धोंडबा कोकरे. सगळे त्यांना आबा म्हणायचे. बाजाराच्या दिवशी ते हिंगोलीत आले की बँकेपाशी यायचे, घोंगडी खांद्यावर, काठी हातात. पायरीवर बसायचे आणि एकच विचारायचे.

“घावला का?”

गॅस सापडला का, असा त्याचा अर्थ. गावात हॉटेलवर कुणीतरी बोललं होतं की माणक्या नुसत्या भोंग्याला भ्याला, फौजेत राहून काय शिकला. हे आबांच्या कानावर गेलं होतं. गॅस सापडला की ती तोंडं बंद होतील, असा त्यांचा हिशेब होता. मी म्हणायचो, “शोधून राहिले, आबा.”

“मोठा मुलूख हाये. टाइम लागंल,” असं म्हणून ते उठायचे.

मी पेपर रोज वाचायचो आणि कात्रणं काढून तारखेप्रमाणे लावायचो. ती सवयच आहे. पावसाळा आला तरी गॅस सापडला नव्हता. मग तिकडे, युद्ध पुकारणाऱ्या देशांत, भांडणं सुरू झाली. विरोधक म्हणाले, गुप्तचरांचा रिपोर्ट फुगवून सांगितला. सरकार म्हणालं, आम्हाला जे दिलं तेच आम्ही सांगितलं. गुप्तचर खात्यातले निवृत्त लोक म्हणाले, आम्ही ‘कदाचित’ लिहिलं होतं, पुढे ते ‘नक्की’ झालं. एका देशाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. समित्या बसल्या. साक्षी झाल्या. सगळे कोट घातलेले, समोर पाण्याचे ग्लास.

मी फौजी माणूस आहे. रिपोर्ट चुकू शकतो हे मला माहीत आहे. पण आमच्याकडे गस्तीची तुकडी परत आली की कमांडर विचारतो, तू स्वतः पाहिलंस की कुणी सांगितलं? तेवढा एक प्रश्न त्या सगळ्या चौकशीत मी शोधत होतो. कुणी विचारला असेल तर आमच्या पेपरात आला नाही.

बँकेत मी कॅशियरला एकदा हे सांगायला गेलो. तो म्हणाला, “हवालदारसाहेब, अमेरिकेचं आपल्याला काय?” बरोबर होतं त्याचं. जिल्ह्यात कुणालाच त्याचं काही नव्हतं. पायरीवर बसणारा एक म्हातारा आणि मी, एवढेच दोघे त्या बातमीची वाट बघत होतो.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला शोधपथकाचा शेवटचा अहवाल आला. साठा नव्हता. युद्ध सुरू झालं तेव्हाही नव्हता, आधीची काही वर्षंही नव्हता. त्या बाजाराला आबा आले नाहीत. पुढच्यालाही आले नाहीत. मी सुट्टी टाकली आणि सेनगावची गाडी धरली.

साखऱ्यात कळलं की आबा गावाबाहेर एकाच्या शेतात मेंढरं बसवून आहेत. खतासाठी शेतकरी मेंढरं शेतात बसवून घेतात, तसं. मी चालत गेलो. ऊन उतरलं होतं. मेंढरं वाघरात, जाळीच्या कुंपणात, बसली होती, कुत्रं पुढे आलं, भुंकलं. आबा चटकन उठून उभे राहिले आणि कपाळावर हात धरून बघायला लागले.

“कोन, हवालदार? काहून आलास येवढ्या लांब?”

“तुमी दोन बाजार आले न्हाई.”

“गुडघा धरला.” त्यांनी घोंगडी पसरली. “बस. घावला का?”

“न्हाई, आबा. शोधनं बंद झालं. नव्हताच.”

आबा एका मेंढीच्या पाठीवरचं गोखरू काढत राहिले. मी त्यांना भांडणाचं थोडक्यात सांगितलं, कोण काय म्हणालं ते. त्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

“म्हंजे हॉटेलवरचे बोलत्यात ते खरं,” ते म्हणाले. “पोरगं उगंच थांबलं.”

हाच प्रश्न होता आणि त्यासाठीच मी आलो होतो. वाटेत गाडीत मी उत्तर तयार केलं होतं, मुद्द्यांसह. त्यातलं काही बोललो नाही.

“आबा, आत्ता कुत्रं भुंकलं तवा तुमी काहून उठलात?”

“भुंकलं म्हनून.”

“लांडगा होता?”

“तू व्हतास.” ते किंचित हसले. मग हसू थांबलं. हातातलं गोखरू त्यांनी बाजूला टाकलं. ते वाघराच्या पलीकडे बघायला लागले.

“उठावंच लागतं,” ते म्हणाले. “लांडगा हाये का न्हाई, ते उठल्यावर कळतं. जो उठत न्हाई तो धनगर कसला.”

“माणिक उठला, आबा. आदी शेजारच्याचा मास्क बसवला. तो केरळचा मानूस जिता हाये.”

“तुजं त्याचं बोलनं झालं व्हतं?”

“झालं. आवाज कापत नव्हता.”

त्यांनी मान हलवली. पुढे विचारलं, “ते तोंडावरचं, शेवटाला व्हतं का?”

“व्हय. मी बगितलं तवा होतं.”

“मग काढलं कोनी?”

ते मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. पेटी बंद होती.

“काढायचं कोन सांगतं तुमच्यात?”

“जो सिनियर असंल तो.”

“तिथं सिनियर कोन व्हतं?”

“मीच होतो.”

“आन् आता तर पक्कं हाये, की हवेत काही न्हाई.”

“पक्कं हाये.”

“मग सांग त्याला,” आबा म्हणाले. “येवढे दिस झाले. दम कोंडत आसंल.”

मी उभा राहिलो. टाचा जुळवल्या. अंगावर बँकेच्या गार्डचा शर्ट होता, टोपी नव्हती. समोर वाघर, त्यामागे कापणीला आलेली ज्वारी. परेड ग्राउंडवर काढायचो तो आवाज मी दोन वर्षांत काढला नव्हता. तो निघेल का याची खात्री नव्हती.

“नाईक माणिक कोकरे! मास्क उतार! ऑल क्लिअर!”

आवाज निघाला. सगळी मेंढरं एकदम दचकून उठली आणि एकमेकांत घुसली. कुत्रं भुंकत सुटलं. आबा काठी टेकत, गुडघा सांभाळत त्यांच्यात गेले. एकेकीच्या पाठीवर हात ठेवत फिरले.

“बसा,” ते त्यांना म्हणाले. “बसा गं. काय न्हाई. काय न्हाई.”