पटावरची चौदा मुलं

शाळेच्या कार्यालयात कारकूनबाईंचं टेबल खिडकीला लागून होतं. सतरा वर्षं त्या तिथं बसत होत्या. दरवर्षी वरच्या कार्यालयाकडून एक लांबलचक तक्ता यायचा. मुलं किती, मुली किती, घरी कोणती भाषा बोलतात, वडील काय करतात, किती जणांना सलग वाचता येतं, गणितात मागे किती. काम किचकट, पण बाईंचा हात त्यात बसलेला. त्यांच्या तक्त्यात खाडाखोड शोधूनही सापडायची नाही. मुख्याध्यापक पाहुण्यांना सांगायचे, बाईंचा तक्ता वाचला की वर्गात डोकवायचीसुद्धा गरज नाही.

मग जवळचा साबणाचा कारखाना बंद पडला. एकेक घर सामान बांधून निघून गेलं आणि वर्षभरात पट सत्त्याऐंशीवर आला. शंभराच्या खाली गेलेली शाळा दुसरीत मिसळायची, असा नियम होता. दुसरी शाळा हमरस्त्याच्या पलीकडे, आणि तो रस्ता ओलांडताना मोठ्यांचीही त्रेधा उडे. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता. त्यांनी बाईंना बोलावून, नजर टेबलावर ठेवूनच सांगितलं की गेलेल्यांपैकी चौदा नावं एवढ्यात कमी करू नका. कारखाना सुरू झाला की येतीलच परत. बाई बरं म्हणाल्या.

कारखाना काही सुरू झाला नाही. आणि पटावर नाव ठेवलं की परीक्षाही आलीच. बाईंनी आधी सगळ्यांना सारखेच गुण दिले, पण ते डोळ्यांत खुपायला लागलं. मग त्या एकेकाला आठवून गुण देऊ लागल्या. त्यांत एक डावरी होती. डाव्या हातानं लिहायची म्हणून वर्गानं पाडलेलं नाव. हातच्याच्या वजाबाकीत हमखास अडकायची. तिला गणितात आधी अडतीस दिले, मग चव्वेचाळीस, मग एक्कावन्न. एकदम उडी घेतली तर संशय येतो. शेवटच्या वेळी बाईंनी शेरा लिहिला, ‘वजाबाकी आता जमते.’ लिहिताना त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी वर्गशिक्षकांनी मुलांना वाटून दिलं, कुणाच्या नावाला कुणी हजेरी द्यायची. तपासणी उरकली. पण तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीला सवयच जडली. डावरीचं नाव आलं की ती रोज, आवाज जरा बारीक करून, ‘हजर’ म्हणायची. शिक्षक आधी रागावले, मग त्यांनीही सोडून दिलं. तो बारीक आवाज व्हरांड्यातून कार्यालयापर्यंत यायचा. बाई हजेरीच्या वेळी दार लोटून घ्यायला लागल्या, तरी तो यायचाच.

एके दुपारी डावरीची आई दारात उभी राहिली. बाईंनी तिला लगेच ओळखलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. एक तरी नाव खरं झालं.

हसून त्यांनी विचारलं, “आलात परत? पोर कुठाय?”

आई खुर्चीच्या कडेला बसली. नव्या गावी गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मुलगी तापानं गेली, असं तिनं हळू आवाजात सांगितलं. दोन वर्षं झाली. मृत्यूच्या नोंदीसाठी जन्मतारखेचा कागद मागतात, दोनदा परत पाठवलं, म्हणून ती शाळेच्या दाखल्यासाठी दोन बस बदलून आली होती.

बाईंनी रजिस्टर उघडलं. मध्ये ठेवलेलं प्रगतिपुस्तक घसरून आईसमोर पडलं. आईला वाचता येत होतं. तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि ते सावकाश पुढे नेलं.

“वजाबाकी जमायला लागली होती तिला?”

आईनं वरची तारीख वाचली, पुन्हा वाचली.

“हे गुण तिला मिळालेच नाहीत ना, बाई?”

“नाही.”

“मग कुणाला दिलेत?”

बाईंनी सगळं सांगितलं, एकही शब्द न लपवता. आई चिडली नाही, रडलीही नाही. तिनं फक्त विचारलं, पुढच्या वर्षी तिला किती देणार होतात? आणि बाईंच्या लक्षात आलं, की तो आकडा त्यांच्या मनात कधीचा ठरलेला होता. छप्पन्न. तो त्यांनी सांगितला नाही.

दाखल्यावर शाळा सोडल्याची खरी तारीख घालून त्यांनी शिक्का मारला. आईनं तो घडी करून पिशवीत ठेवला. प्रगतिपुस्तक तिनं टेबलावरच राहू दिलं.

त्याच संध्याकाळी बाईंनी चौदाही नावांवर लाल रेघ ओढली आणि तक्ता मुख्याध्यापकांपुढे ठेवला. “सत्त्याऐंशी मुलांना रस्त्यावर घालताय तुम्ही,” ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली. चौकशी झाली. मुख्याध्यापकांना मुदतीआधी घरी बसवलं. बाईंची बदली झाली, शाळा पलीकडच्या शाळेत मिसळली. पालकांनी बाईंशी बोलणं टाकलं. नव्या जागी रुजू होण्याआधी महिनाभर बाई रोज सकाळी हमरस्त्यावर उभं राहून मुलांना हात धरून पलीकडे नेत. काहींच्या आया तो हात सोडवून घेत.

नव्या ठिकाणीही तक्ते त्यांच्याकडेच आले. नवरा म्हणायचा, तू काही जीव घेतला नाहीस कुणाचा, विसर आता. बाई मान डोलवायच्या. पण निकालाच्या दिवसांत, सगळ्या मुलांचे गुण भरून झाल्यावर, त्या पेन बंद करत नसत. खालची एक ओळ कोरी असायची, आणि तिच्यावरून नजर काढायला त्यांना फार वेळ लागायचा.