झाकणाखालचा फेस

माझी बायको कमल गेली, त्याच्या आदल्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून गाडीचं ऑइल बघितलं. मी ऑइल मोजायची पट्टी ओढली, तिनं थेंब दोन बोटांत चोळून पाकासारखी तार बघितली. "अजून दम आहे," म्हणाली. माझ्या चष्म्यापेक्षा तिची बोटं बरी.

त्याला दोन महिने झाले. काल ऑइलचं झाकण उघडलं, तर आत ताकासारखा पांढरा फेस. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, "काका, ऑइलमध्ये पाणी शिरलंय. इंजिन गेलं. भंगारात द्या आता."

"तुझ्या बापाची गाडी आहे का?" म्हटलं.

घरी येऊन पट्टी ओढली, बोटांत चोळलं. ऑइल स्वच्छ! रेडिएटरचं पाणीही जिथल्या तिथं! मी एकटाच अंगणात ओरडलो, "अगं, काही झालेलं नाही हिला!" गाडी नुसती दुधापुरती कोपऱ्यापर्यंत जाऊन येत होती. इंजिन तापतच नव्हतं, म्हणून आतल्या दमट हवेचं पाणी सुटून झाकणाखाली फेस धरला. औषध एकच, गाडी लांब पळवायची. आणि मी तरी दोन महिने दुसरं काय केलं? दूध आणलं, दार लावलं.

आज सकाळी उठलो आणि घाट चढून थेट लेकीकडे गेलो. ती दारातच घाबरली. "बाबा, असे अचानक?"

"गाडी तापवायला आणलीय," म्हटलं. झाकण उघडून दाखवलं, फेस गायब! मग आम्ही दोघं पायरीवर बसलो आणि कमल गेल्यापासून पहिल्यांदा तिच्याबद्दल बोललो, जेवणवेळ टळून जाईपर्यंत.