मालूताईंचं दोन दारांचं खुराडं

किस्से ठरवून जमवता येत नाहीत. एका जागी रोज चहा प्यायला बसलं की ते आपोआप साठतात, माळ्यावर रिकामे डबे साठावेत तसे. आमचे साठले ते उज्जैनच्या आमच्या कॉलनीत, मालूताईंच्या परसातल्या सिमेंटच्या बाकावर. आजही सकाळी आठला तिथे चहा असतो, आणि समोरच्या जाळीतून चार कोंबड्या नि एक कोंबडा आमच्याकडे बघत असतात.

परवा जावई विचारत होते, “बाबा, रिटायर झाल्यावर तुम्ही नेमकं केलंत काय?” म्हटलं, कोंबड्यांचं घर बांधलं. ते म्हणाले, “बस, एवढंच?”

एवढंच! ऐका मग.

* * *

मालूताई इथल्या सरकारी शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. वय चौऱ्याहत्तर, उंची बेताची, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्यांचे यजमान, आमचे भाऊ, गेले आणि तो आवाज दोन वर्षं बंदच राहिला. दारातून हाक मारली की नुसतं “हं” यायचं.

मग एक दिवस त्यांची जुनी विद्यार्थिनी कमला आली. ती भैरवगढची, घरात छपाईचं काम. डोक्यावर टोपली आणि टोपलीवर छापलेली चादर. तिने टोपली ओट्यावर ठेवली. “बाई, अब इनको रखो. दिन भर बोलती रहती हैं, आपका भी मन लगा रहेगा.”

चादरीखाली पाच पिल्लं. आणि हे कुठे, तर ज्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा शिरत नाही तिथे!

आम्हाला वाटलं, ताई टोपली परत पाठवतील. त्यांनी पिल्लं जुन्या न्हाणीघरात ठेवली, अंडी द्यायला लागली की ती कमलाच्या मुलांची असं ठरवून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, “सुरेश, दोन वर्षांत आज पहिल्यांदा मी कोणासाठी तरी उठले रे.”

मी आणखी एक कप मागितला. चहा प्यालो.

* * *

फोनवर मुलाला कळलं. अभय, बंगलोरला मोठा इंजिनियर. मुलगा गुणी, पण धास्तावलेला. ताईंची पाठ गेलेली, डॉक्टरांची वाकायला सक्त मनाई. “आई, खुराड्यात हात घालायला वाकशील आणि पडशील. एकटी आहेस. ते काही नाही, दिवाळीला येतो आणि तुला इकडेच घेऊन येतो.”

ताईंनी फोन ठेवला आणि आम्हाला बोलावलं. आम्हाला म्हणजे मी आणि दिनू. मी सिंचन खात्यातला निवृत्त ड्राफ्ट्समन, दिनू रेल्वेतला निवृत्त सिग्नल मेंटेनर.

“मला कोंबड्यांचं असं घर करून द्या की वाकायची गरजच नाही पडली पाहिजे. सरळ चालत आत जाता आलं पाहिजे. दिवाळीच्या आत. नाही तर मी चालले बंगलोरला.”

माझी बायको हॉस्पिटलात होती तेव्हा तेवीस दिवस या बाईंचा डबा आला होता. एकदाही न सांगता, एकदाही न चुकता, आणि रोज भाजी वेगळी. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून बसलो.

* * *

आमच्या खात्याचा नियम, की वस्तू वापरणाऱ्याच्या मापाने काढायची. मी ताईंना दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं आणि पेन्सिलने खूण केली. चार फूट दहा इंच. वर चार इंच मोकळे धरले आणि दार काढलं पाच फूट दोन इंचांचं. अंड्यांची खोकी त्यांच्या कमरेशी, पाण्याचं भांडं हाताशी टांगलेलं, दाण्याचा डबा स्टुलावर. ड्रॉइंग तर इतकं देखणं झालं की बायकोने फ्रिजवर चिकटवलं.

त्या दारातून आणखी कोणी जाईल, हे मात्र ड्रॉइंगमध्ये नव्हतं.

पहिलं डोकं दिनूचं आपटलं, दुसरं माझं. वेल्डिंगवाल्याचं तर रोजच. सगळे कपाळ चोळत बाहेर यायचे, आणि मालूताई ताठ मानेने आत जायच्या, बाहेर यायच्या.

“दार मोठं करून देतो,” मी खजील होऊन म्हटलं.

“बिलकुल नाही,” त्या म्हणाल्या. “नोकरीत मी वर्गात आले की मुलं उभी राहायची. आता म्हातारे वाकतात. प्रगतीच आहे.”

* * *

जाळी आणायला आम्ही दोघे फ्रीगंजच्या बाजारात गेलो. दुकानदार ओळखीचा. माझ्या घरातला पहिला नळ त्याच्याच दुकानातला. दिनूने भर गर्दीत विचारलं, “भिया, मुर्गा जाली है क्या?”

सगळं दुकान वळून बघायला लागलं. दुकानदाराने दिनूच्या कपाळावरचं गंध बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “भाईसाब, आप लोग कब से?”

दिनू शांतपणे म्हणाला, “हम मुर्गी नहीं खाते भिया. दो महीने से मुर्गी हमको खा रही है.”

त्या भल्या माणसाने ती पातळ जाळी आम्हाला दिलीच नाही. “इसको तो नेवला फाड़ देगा,” म्हणाला आणि आतून जाड, बारीक चौकोनांची वेल्डमेश काढून दिली. वर सांगितलं की फूटभर जमिनीत गाडा, मुंगूस खणून येतं. त्याच महिन्यात एका सकाळी जाळीबाहेर चारी बाजूंनी उकरलेलं दिसलं आणि आत पाचही जण धडधाकट. मी मुद्दाम रिक्षा करून त्याला सांगायला गेलो.

* * *

शेजारचे शर्माजी ही खरी अडचण. त्यांची सकाळची पूजा ताईंच्या भिंतीला लागून. तिथे मुर्ग्यांचं घर येणार म्हटल्यावर ते भांडायच्या तयारीने आले. “बाई, ये नहीं चलेगा.”

ताईंनी त्यांना खुर्ची दिली. “शर्माजी, बरं झालं आलात. इन लोगों को वास्तु का कुछ नहीं मालूम. दरवाजा किस दिशा में रखें?”

शर्माजींनी उठून उन्हाकडे बघितलं. मग पंचांग आणायला घरी गेले. त्यांनी पूर्व सांगितली, म्हणजे सकाळचं ऊन सरळ आत. कोंबड्यांना हवं होतं तेच. तेव्हापासून ते या बांधकामाचे प्रमुख सल्लागार.

पुढे पाचांतला एक कोंबडा निघाला आणि पहाटे आरवायला लागला. ताईंना वाटलं, आता शर्माजी येणार. त्यांनी कोंबडा कमलाकडे परत द्यायचं ठरवलं. शर्माजी खरंच आले.

“सुना है उसको भेज रही हो? फिर मुझे पूजा के लिए उठाएगा कौन?”

* * *

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, नाही तर दिनू सांगेल.

फरशी धुतल्यावर पाणी वाहून जावं म्हणून मी सुंदर उतार काढला. लेव्हल लावून, दोरी ताणून. पहिल्याच दिवशी ताईंनी दोन बादल्या ओतल्या आणि ते सगळं पाणी, कोंबड्यांच्या खतासकट, शिस्तीत निघालं ते ताईंच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबलं.

जन्मभर मी पाणी माणसांकडे कसं न्यायचं तेच काढलं. माणसांपासून दूर न्यायची वेळ नोकरीत कधी आलीच नव्हती!

ताई रागावल्या नाहीत. चार विटा आडव्या लावल्या आणि ते पाणी कढीपत्त्याकडे वळवलं. त्या झाडाला आठ वर्षं पाला धरत नव्हता. आता सगळी कॉलनी तिथून कढीपत्ता नेते आणि मला थँक यू म्हणते. मी घेतो.

* * *

दिनूची फजिती मात्र माझ्यापेक्षा मोठी.

कोंबडी दारातून सटकू नये म्हणून दोन दारं हवीत, मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा. इथवर ठीक. पण दिनूला रेल्वे आठवली. त्याने दोन्ही दारांच्या कड्या एका सळईने जोडल्या. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडणारच नाही, आणि दोन्ही चालणार एकाच खटक्यावर. “एकदम सिग्नलसारखं. चूक होऊच शकत नाही.”

खटका त्याने बाहेरच्या भिंतीवर बसवला. सिग्नलवाला कायम केबिनमधून काम करतो, गाडीत कधी बसत नाही. त्यामुळे मधल्या जागेत अडकलेल्या माणसाने काय करायचं, हा प्रश्न त्याला पडलाच नाही.

तो पडला चाचणीच्या दिवशी. ताई कमलाबरोबर राम घाटावर गेलेल्या, मी बाजारात. दिनू मध्ये शिरला, मागचं दार लागलं. पुढचं उघडेना, मागचंही उघडेना. एका बाजूला चार कोंबड्या नि कोंबडा, एका बाजूला मोकळं अंगण. पाऊण तासाने त्याच्या हाका ऐकून शर्माजी आले. खटका बघितला, दिनूला बघितलं आणि बादली उपडी घालून निवांत बसले.

“खोलता हूँ. पहले ये बताओ, पिछले साल मेरी सीढ़ी कौन ले गया था?”

दिनूने कबूल केलं. शिडी त्याच संध्याकाळी परत गेली. दुसऱ्या दिवशी त्याने मधल्या जागेत, दाण्याच्या डब्यामागे, एक हिरवी नायलॉनची दोरी सोडली. एकदा ओढली की बाहेरचं दार उघडतं, दोनदा ओढली की आतलं. माहीत असलेल्याला सोपं, नसलेल्याला दिसायचीसुद्धा नाही.

मालूताईंनी हा किस्सा शर्माजींकडून तीन वेळा ऐकला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

* * *

दिवाळीला अभय आला. खिशात दोन तिकिटं, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची. आल्या आल्या म्हणाला, “दाखवा काका, काय बांधलंय.”

त्याने जाळी हलवून बघितली, पाया बघितला, पत्र्याला हात लावला.  मग आत जायला निघाला, कपाळ आपटलं, वाकून मधल्या जागेत शिरला. मागचं दार खट्‌कन लागलं. त्याने पुढचं ढकललं, ते हललं नाही.

“आई, हे उघड ना.”

मालूताई खटक्याजवळच उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मला म्हणाल्या, “सुरेश, खुर्ची आण.” मी आणि दिनू निघायला लागलो तर म्हणाल्या, “बसा. कुठे जाऊ नका.” मग आत बघून, “अभय, तिथे बादली आहे, उपडी घाल आणि बैस. पाठ दुखेल.”

तो बसला.

“तू रोज फोन करतोस. गोळी घेतली का विचारतोस. आज काय केलंस, ते कधी विचारत नाहीस,” ताई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण तोच होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. “तुझे बाबा गेल्यावर तुझ्याकडे मी चार महिने राहिले. सगळ्यांनी माझं इतकं केलं की मला काही करूच दिलं नाही. सकाळी उठायचं कशाला, तेच कळेना. इथे मी दार नाही उघडलं तर पाच जीव आत अडकतात, बाळा. माझ्यावाचून अडतं असं दुसरं काय राहिलंय मला? सांग.”

 उत्तरासाठी ताई थांबल्या नाहीत. भाऊंचा शेवटचा आठवडा, जो त्यांनी आम्हालाही कधी सांगितला नव्हता, तो सांगितला. नंतरच्या रिकाम्या घराचं सांगितलं. दिनूने चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. चहावर साय धरली.

शेवटी ताईंनी पदराने तोंड पुसलं. “बरं. झालं माझं. आता ऊठ. तुझ्या डाव्या हाताला, डब्यामागे एक हिरवी दोरी आहे. ओढ, दार उघडेल.”

अभय बादलीवरून उठला नाही.

“माहीत आहे, आई. बादलीवर बसलो तेव्हाच दिसली.”

“मग ओढली का नाहीस?”

“तू बोलत होतीस.”