दोन बोटं

डॉक्टरांनी स्टीलचा ट्रे माझ्या तोंडावर फेकला. ट्रेमध्ये पुवाने भरलेला कापूस होता, वापरलेल्या सुया होत्या, थेंबांच्या रिकाम्या बाटल्या होत्या. ट्रेची कड भुवईवर बसली. कापूस ओठांना चिकटला. बारा खाटांचा वॉर्ड बघत होता. मग डॉक्टर गुजरातीत म्हणाले, "तारी जातनुं काम संडास साफ करवानुं छे. डॉक्टरने शीखवाडवानुं नथी."

तुझ्या जातीचं काम संडास साफ करायचं. डॉक्टरला शिकवायचं नाही.

पोरांनो, तुमची आई तुम्हाला सांगते की आजी सुरतेला डोळ्यांच्या हॉस्पिटलात नोकरीला होती. काय नोकरी, ते सांगत नाही. मी आया होते. बेडपॅन उचलायची, फरशी पुसायची, पू पुसायची. धुळ्याला इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. अर्ज केला होता रिसेप्शनच्या जागेसाठी. डॉक्टरांनी आडनाव वाचलं, गाव विचारलं, गावात घर कोणत्या अंगाला ते विचारलं आणि म्हणाले, वॉर्डात जागा आहे. लेकरं लहान होती. मी ती जागा घेतली.

आता क्रमाने सांगते. मला क्रम सोडून सांगता येत नाही.

प्लेगला भिऊन अर्धं सुरत पळालं होतं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. सुकलाल म्हणून एक लूम कामगार वॉर्डात आला. साक्रीकडचा, सुरतेत गोडादऱ्याच्या वस्तीत एका खोलीत सहा जणांत राहणारा. तिशीचा असेल. लहानपणी देवी आल्या, त्यात डावा डोळा गेला. उजव्या डोळ्यावर तो माग चालवायचा. एक दिवस चालत्या मागातून सूत नेणारा धोटा सुटला आणि दगडासारखा त्या उजव्या डोळ्यावर बसला. शेठने नळाखाली डोळा धुवायला लावला आणि परत मागावर उभं केलं. तीन दिवस. चौथ्या दिवशी आला तेव्हा बुबुळ दिसत नव्हतं. नुसता पू.

डोळ्यात इंजेक्शन दिलं तेव्हा दोघांनी पाय धरले, मी डोकं धरलं. तो माझ्या मनगटाला चावला. मी डोकं सोडलं नाही. मग दर तासाला थेंब. आठवड्याभरात पू ओसरला, लाली उतरली. डॉक्टर खूश झाले.

आता बोटांचं सांगते. डॉक्टर रोज सकाळी राउंडला यायचे, प्रत्येक खाटेपुढे बोटं धरायचे आणि विचारायचे, किती? रोज दोनच धरायचे. सवय असेल, कंटाळा असेल. वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होतं. जुना पेशंट नव्याला सांगायचा, साहेब दोनच दाखवतो. दोन म्हटलं की कागदावर 'सुधारणा' लिहिलं जायचं आणि लवकर घरी सोडायचे. लवकर सोडलं तर माग हातचा जायचा नाही. दिसो न दिसो, सगळे दोन म्हणायचे.

सुकलालला ते मीच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, तोंड पुसताना, कानाशी वाकून. काही झालं तरी दोन म्हण. मला वाटलं मी उपकार करतेय.

बाराव्या दिवशी सकाळी मी त्याचं तोंड पुसत होते. तो हळूच म्हणाला, "आक्का, पाच दिन झायात, डोयामा इजा चमकतीस. नि आते खालतून काये पानी चढी ऱ्हायनं."

पाच दिवस डोळ्यात विजा चमकताहेत आणि आता खालून काळं पाणी चढतंय.

डॉक्टरांच्या केबिनमधली पुस्तकं मी रोज पुसायची आणि पुसता पुसता वाचायची. डोळ्यात मोठा पू होऊन गेला की आतला गर आक्रसतो. जाता जाता आतल्या पडद्याला ओढतो. पडदा फाटतो आणि भिंतीचा ओला गिलावा सुटावा तसा सुटत जातो. आधी विजा, मग सावली. सावली मध्यापर्यंत पोचायच्या आत ऑपरेशन व्हावं लागतं. ते आमच्याकडे होत नव्हतं. मुंबईला पाठवावं लागायचं, आणि त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागायची.

राउंडमध्ये आयाने बोलायचं नसे. ट्रे धरून मागे चालायचं. त्या दिवशी मी ट्रे खाटेवर ठेवला आणि इंग्रजीत बोलले. म्हटलं, सर, याला बोटं दिसत नाहीत, हा अंदाजाने सांगतो. खालून सावली चढतेय. पडदा सुटला असेल, याला आजच मुंबईला पाठवा.

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी सुकलालपुढे नेहमीचीच दोन बोटं धरली. "केटली?" किती?

तो म्हणाला, "दोन."

तेव्हा ट्रे आला.

पुढचंही सांगते. डॉक्टरांनी मला तिथेच गुडघ्यावर बसवलं आणि सांडलेलं सगळं हातांनी गोळा करायला लावलं. सुई बोटात घुसली. भुवईचं रक्त फरशीवर पडत होतं, तेही मीच पुसलं. माफी माग म्हणाले. मी म्हटलं, सॉरी सर. म्हणाले, इंग्रजीत नाही, तुझ्या भाषेत. मी माझ्या भाषेत मागितली. बारा माणसांपुढे. इथून पुढे मी त्या माणसाला अरेतुरेच करणार आहे.

राउंड पुढे गेला. मी सुकलालच्या खाटेशी गेले आणि त्याची कॉलर धरून त्याला गदागदा हलवलं. का खोटं बोललास, मेल्या, का? मला त्याचा गळा दाबावासा वाटत होता.

तो म्हणाला, "तुमीच तं सांगेल व्हतं आक्का. दोन म्हन."

माझे हात सुटले. मी त्याच्यापुढे चार बोटं धरली. म्हणाला, दोन. मूठ धरली. म्हणाला, दोन.

ट्रेचा मार मी सोसला होता. हा मार बसला तो बसला. डॉक्टर आंधळा होता, पण त्याला आंधळा ठेवायचं काम आम्ही सगळे रोज सकाळी करत होतो. त्याला हवं ते ऐकवत होतो. आणि मी शिकलेली, मी त्यात पुढे.

मी खाटेच्या पायाशी अडकवलेला केसपेपर काढला. सुकलालला दंडाला धरून उठवलं आणि मागच्या जिन्याने न जाता, पुढच्या हॉलमधून निघाले. आयांना तिथून जायची मनाई होती. हॉल भरलेला होता. चष्मेवाले, गाडीतून आलेले, रेशमी साड्यांतल्या बायका. डॉक्टर केबिनमधून धावत आला. त्याने मागून माझा अंबाडा धरला आणि असा ओढला की मान मागे पडली. मी त्याच्या मनगटात नखं रुतवली. रक्त आलं, तरी त्याने मला सोडलं नाही.

तशीच, मान मागे पडलेली, मी इंग्रजीत ओरडले. म्हटलं, हा तुमचे डोळे तपासणार आहे. विचारा याला, रोज किती बोटं दाखवतो.

मग वॉर्डाच्या दारातून एक आवाज आला, "दोन." पट्ट्या बांधलेले आमचे लोक भिंत धरून दारात उभे होते. मग दुसरा. मग सगळेच. दोन, दोन, दोन. एका बाईने पर्स उचलली आणि ती बाहेर निघून गेली. डॉक्टरची पकड सुटली.

तुमचे आजोबा लूमवर होते, त्यांना निरोप धाडून बोलावून घेतलं. आम्ही तिघे दुपारच्याच गाडीने मुंबईला गेलो. तिथल्या सरकारी हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरणीने चिठ्ठीशिवाय दाखल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने ऑपरेशन केलं. नंतर मला बाहेर बोलावून म्हणाली, मध्यभाग सुटला होता. अशा डोळ्याची खात्री नसतेच. पण विजा चमकल्या त्याच दिवशी आणलं असतं तर काही वाचलं असतं.

विजा चमकल्या त्या दिवशी सुकलाल दोन म्हणाला होता. मी शिकवलं होतं म्हणून.

नजर परत आली नाही. तोंडापुढे हात हलवला तर हलतोय एवढं कळतं. त्याचा भाऊ त्याला गावी न्यायला आला, तेव्हा मी सुरत स्टेशनवर सुकलालच्या पाया पडले. त्याच्याहून वयाने मोठी बाई, त्याच्या पाया. त्याने पाय मागे घेतले. "माफी मांगू नका आक्का," म्हणाला. "भेटाव नही." मिळणार नाही.

बरं केलं त्याने. दिली असती तर मी घरी जाऊन निवांत झोपले असते आणि दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात पुन्हा कुणाच्या कानाशी वाकले असते. मला ती माफी नको. त्या डॉक्टरला मी देणार नाही, त्याच्या चितेवरही नाही. आणि मोठ्या माणसाला आवडेल असं खोटं उत्तर माझ्या तोंडून आता निघणार नाही, मी ते कुणाला शिकवणारही नाही. तुम्हाला तर मुळीच नाही. समोर कोणीही हात धरून उभा असो. दिसत नाही, तर दिसत नाही.