जवाईबापूचं पान बंद करायचं नाई!

माझ्या साळ्याच्या मुलीच्या साक्षगंधाला (म्हणजे साखरपुड्याला) रिकामी टोपली घेऊन जो जमाव आला, त्याला आमच्यापैकी कोणीही बोलावलं नव्हतं. त्याला ब्राउझरने बोलावलं होतं.

मी चंद्रपुरात वेबसाइट बनवतो. खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर मी. माझी गिऱ्हाईकं म्हणजे एक मंगल कार्यालय, दोन हार्डवेअरवाले आणि एक दातांचे डॉक्टर. या सगळ्यांची मागणी एकच असते, ‘माझा फोटो मोठा पाहिजे.’ (डॉक्टरांचाही. दात त्यांना छोटे चालतात.) या मंडळींना वेबच्या जगात काय नवीन आलं याच्याशी काडीचं देणंघेणं नाही. पण मला आहे! लोक सकाळी चहाबरोबर पेपर वाचतात, मी ब्राउझरमध्ये काय नवीन आलं ते वाचतो. दर थोड्या दिवसांनी काहीतरी आलेलं असतंच, आणि मी मागच्या वेळी घाम गाळून शिकलेलं त्यात जुनं झालेलं असतं.

“काल शिकले ते आज जुनं होते,” माझी बायको पुष्पा म्हणते, “तर मंग आठवडाभर थांबून शिकत जा ना जी. एक खेप कमी होईन.”

तिला काय सांगणार? पानाच्या बरोब्बर मधोमध एक चौकट बसवायला आम्ही तरुणपणी अख्खा दिवस घालवत होतो. हल्ली ते एका ओळीत होतं. पहिल्यांदा मी ती ओळ लिहिली, चौकट सरकून मधोमध येऊन बसली, आणि मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो.

“काय झालं जी?” पुष्पा धावत आली.

“चौकट मधात आली!”

“मंग पयले कुठी होती?”

असो. थोरामोठ्यांची भाषणं ऐकून मी कधी भारावलो नाही, सत्कार-समारंभात मला हमखास झोप येते; पण ब्राउझरसमोर मात्र माझा आ वासलेला असतो. आणि त्यातही सर्व्हिस वर्कर कळला त्या दिवशी मी जेवलो नाही. हा एक अदृश्य गडी. तुम्ही एकदा पान उघडलं की तो ते तुमच्या फोनमध्ये नीट घडी घालून ठेवतो. मग तुम्ही जंगलात जा, नेटवर्कचा एक दांडा नसू द्या, पान मागितलं की हा हजर! ज्या मुलखात फोन लावायला माणसं झाडावर चढतात, तिथे हा चमत्कार नाही तर काय?

तो मुलूख म्हणजे माझी सासुरवाडी. चिमूरच्या पुढे, जंगलाला लागून. गावाला एक जुना मोठा तलाव आणि तलावावर मासेमारांची सोसायटी. माझ्या बायकोचा भाऊ गुणवंत हा तिचा सचिव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सोसायटी वर्षातून एकदा मोठं जाळं ओढते, आणि आसपासच्या गावांतली माणसं टोपली घेऊन पहाटेच तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येतात. कोणत्या दिवशी यायचं ते आजवर बाजारात तोंडी सांगत असत.

“तोंडी?” मी गुणवंतला म्हटलं. “आजच्या काळात?”

इथून माझं चुकत गेलं.

मी सोसायटीचं पान केलं. असं पान चंद्रपूरच्या मंगल कार्यालयाच्या नशिबात नव्हतं! वर मोठ्या अक्षरात ‘जाळं : शनिवार’, खाली रोहू, कतला, मरळ यांची चित्रं, आणि मरळीवर बोट ठेवलं की ती पोहत पोहत मोठी होऊन अख्खा पडदा व्यापायची. (हे हल्ली ब्राउझर स्वतःच करतो. मी पुन्हा उठून उभा राहिलो होतो.) आणि हे सगळं, अर्थातच, नेटवर्कशिवाय. सासूबाईंनी मरळीवरून हळूच बोट फिरवलं, बोट नाकाला लावून पाहिलं आणि म्हणाल्या, “वास तेवढा नाई आला, जवाईबापू.”

“येईल,” मी म्हटलं. माझा ब्राउझरवर तेवढा विश्वास आहे.

बाजाराच्या गावी नेटवर्क येतं. तिथे बाजाराच्या दिवशी गुणवंतने दिसेल त्याच्या फोनमध्ये ते पान उघडून दिलं. शिवाय उभं राहून जाहीरही केलं, “हे पान आमच्या जवाईबापूनं बनवलं हाय. चंद्रपूरवाल्यानं! कोणी बंद करायचं नाई.”

सासुरवाडीचा जावई म्हणजे काय चीज असते ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. जावयाचा पाट दुसऱ्याने सरकवायचा नाही, जावई जेवत असताना कोणी पंगतीतून उठायचं नाही. तिथे जावयाचं पान बंद करणार कोण?

मग राजुऱ्याहून निरोप आला. गुणवंतच्या मुलीचं, प्रणालीचं, तिथल्या मुलाशी ठरलं होतं. मुलगा कोळसा खाणीत नोकरीला. त्याची सुटी बदलली म्हणून साक्षगंध शनिवारीच उरकून घेऊ, असं मुलाच्या मामांनी कळवलं. लग्नात मामांचा शब्द शेवटचा, आणि मामा मोठे मानपानवाले. एका स्थळाकडे चहा कोमट मिळाला म्हणून ते बोलणी अर्ध्यावर सोडून उठून आले होते, असं गुणवंतने मला फोनवर सांगितलं. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

“जवाईबापू, पोरीले मुलगा लय पसंत हाय. त्या दिवशी कायीच गडबड नाई पाह्यजे. जाळं सोमवारी करून टाका.”

“करून टाकतो,” मी म्हटलं. तारीख बदलायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. माझ्या फोनवर ‘सोमवार’ दिसला. पुष्पाच्या फोनवरही दिसला. (तिने माझं पान केव्हाच बंद केलं होतं. ती जावयाची बायको. तिला कसला मान!) माझ्या फोनवर दिसलं म्हणजे जगाला दिसलं, यावर आमचा धंदा चालतो.

शनिवारी सकाळी आम्ही सासुरवाडीला पोचलो तर पाळीवर माणसंच माणसं! टोपली, घमेली, पोती, दुधाचे डबे.

“इतके लोक कायले आले?” पुष्पा म्हणाली.

मी एका म्हाताऱ्या भाऊंना गाठलं. “भाऊ, जाळं सोमवारी आहे.”

“नाई जी. शनिवारी हाय.” त्यांनी फोन पुढे केला. शनिवार! बाजूच्या बाईंच्या फोनवर शनिवार. सायकलवाल्याच्या फोनवर शनिवार. अगदी सुबक, एक अक्षर न हललेला शनिवार. मरळही पोहत होती.

पाळीच्या कोपऱ्यावर मोहाच्या झाडाखाली नेटवर्कचा एखादा दांडा येतो. मी भाऊंचा फोन तिथे नेऊन आत डोकावलो. माझा ‘सोमवार’ त्या फोनमध्ये आलेला होता! येऊन गुपचूप बसला होता. कारण सर्व्हिस वर्करची रीत अशी, की जुनं पान उघडं आहे तोवर नवं पान पुढे येत नाही. ते दाराबाहेर थांबतं. आतला पाहुणा उठला की मगच आत पाऊल टाकतं. काय ही अदब! ‘थांबू नको, सरळ आत ये’ असं नव्या पानाला सांगणारी एक ओळ असते. ती मला माहीत होती. पण जेवत्या पाहुण्याला पाटावरून उठवणं मला असभ्य वाटलं म्हणून मी ती मुद्दाम लिहिली नव्हती.

“भाऊ, हे पान बंद करा.”

“बंद?” भाऊंनी फोन छातीशी धरला. “जवाईबापूचं हाय ते.”

“मीच जावई आहे!”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मंग तं बिलकूलच नाई. तुमच्या तोंडावर बंद कराव का मी?”

अशा प्रकारे जगातला सर्वांत सभ्य ब्राउझर आणि जगातली सर्वांत सभ्य माणसं एकमेकांच्या नादी लागली होती, आणि मधे मी उभा होतो. मी एकेकाच्या पाया पडून पान बंद करायला लावत होतो. शेवटी भाऊंना दया आली. त्यांनी डोळे मिटून पान बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि सोमवार प्रकट झाला. “अरे बापा!” भाऊ ओरडले. ही विद्या मग पाळीवरून सरसर पसरली. जो तो बंद करून उघडू लागला, आणि बाजाराच्या गावी गेलेल्या भावाबंदांनाही मोहाखाली येऊन फोनवर सांगू लागला, “बंद कर अन् मंग उघड. जवाईबापूनं सोताच सांगतलं हाय!”

एवढ्यात राजुऱ्याच्या गाड्या आल्या.

पुढच्या गाडीतून मामा उतरले. पांढराशुभ्र शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. उन्हात त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी पाळीवरचा जमाव पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, “एवढी पब्लिक?”

गुणवंत हात जोडून पुढे झाला. पोरीचं अख्खं आयुष्य त्या काळ्या चष्म्यात लटकत होतं. मी जावई, शिकलेला, शहरातला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही माझ्या मागे पाहिलं. तिथे तलाव होता.

“तुमच्या स्वागताले, मामाजी!” पुष्पा म्हणाली.

मामांची छाती वीतभर फुगली. ते हात जोडत पाळीवरून चालू लागले. लोकांनीही टोपली काखेत मारून नमस्कार केले. सगळं निभावलंच होतं, पण भाऊंनी मधेच विचारलं, “ते सारं बराबर हाय जी. पण मासे कुठी हाय?”

“मासे?” मामा थबकले.

आता गुणवंत सगळं कबूल करतो की काय असं वाटलं. पण तो सचिव होता. “हो मामाजी,” तो म्हणाला, “तुमच्या मानासाठी आज आम्ही जाळं ओढून राह्यलो.”

झालं! सोसायटीची माणसं नव्या कपड्यांत होती, ती तशीच पाण्यात उतरली. हात कमी पडले तेव्हा गिऱ्हाईकांनी टोपली ठेवून दोर धरला. मामा पाळीवर खुर्ची टाकून बसले होते. पण जाळं अर्ध्यावर आलं, पाणी उसळायला लागलं, आणि मामा खुर्चीतून उठले. “अबे, डावी बाजू ढिली सोडून राह्यले तुमी!” कोणी ऐकेना. “डावी, डावी!” पुढच्या क्षणी पांढरे बूट पाळीवर होते आणि पांढरी पँट कमरेइतक्या चिखलात. आम्ही सगळेच मूळचे मासेमार. मामांच्या घराने तलाव सोडून दोन पिढ्या झाल्या असतील, पण हात दोराला लागले आणि ते हात काय करत होते ते मी बघतच राहिलो. इतका वेळ मी फक्त ब्राउझरकडे असा बघतो.

जाळं काठाला आलं तेव्हा आतली चांदी डोळ्यांत मावत नव्हती. मामांनी हातभर लांब कतला छातीशी कवटाळला होता आणि तो त्यांना शेपटीने फाडफाड थोबाडीत मारत होता. मामा हसत होते. पाळीवर उभी प्रणालीही हसत होती, आणि तिचा तो मुलगा माशाकडे न बघता तिच्याकडे बघत होता.

साक्षगंध असं झालं की पंचक्रोशीत झालं नसेल. मासे दुपारच्या आत संपले. जेवताना मामा सगळ्यांना सांगत होते, “स्वागत कराव तं असं!” चहा कोमट होता. त्यांनी दोनदा मागून घेतला.

मी मात्र जेवण टाकून मोहाखाली धावलो. ‘मासे संपले, सोमवारी येऊ नये’ असं लिहिलं, आणि या खेपेला ती असभ्य ओळसुद्धा घातली. पण तोवर भावाबंद आपापल्या गावी परतले होते, जंगलात, जिथे माझी ओळ पोचणार नव्हती आणि माझा अदृश्य गडी मात्र इमानाने पहारा देत होता.

सोमवारी पहाटे मी एकटा पाळीवर उभा होतो. उजाडता उजाडता चारी वाटांनी माणसं येऊ लागली. टोपली, घमेली, दुधाचे डबे. मी एकेकाचा फोन पाहिला. सोमवार, सोमवार, सोमवार! एकाही फोनवर चूक नाही, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. इतक्या वर्षांत मी बनवलेलं पान पहिल्यांदाच प्रत्येकाच्या फोनवर अगदी माझ्या मनासारखं दिसत होतं.

फक्त तलावात मासे उरले नव्हते.